सर्वांत हळू बोटीचा हिशेब

मुंबई बंदरात खासगी मोटरबोटी बाळगणारे मालक सुट्टीच्या दिवशी पाच-सहा बोटी मिळून सकाळी बाहेर पडतात, मांडव्याला किंवा खांदेरीला जातात आणि ऊन कलण्याआधी परततात. बोटी बहुधा फायबरच्या, अठरा ते पस्तीस फुटांच्या असतात आणि त्यांना मागच्या बाजूला एक किंवा दोन पेट्रोल इंजिने लावलेली असतात. गेटवे ऑफ इंडियापासून मांडवा सरळ रेषेत सुमारे आठ सागरी मैल, म्हणजे पंधरा किलोमीटर आहे. वेगवान बोट हे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापते, म्हणून अशा सहलीला आखणी कशाला हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण एकट्या बोटीला जे चालून जाते ते ताफ्याला चालत नाही. एकटा मालक आपल्या टाकीत पेट्रोल किती, आपले बूड पाण्यात किती खोल जाते, आपल्याबरोबरच्या माणसांना किती लाट सोसते, एवढे पाहून निघतो. सहा बोटींच्या ताफ्यात वेग सर्वांत हळू बोटीचा धरायचा, अंतर सर्वांत लहान टाकीवरून ठरवायचे आणि समुद्र किती चढला की मागे फिरायचे हे सर्वांत नवख्या चालकाकडे पाहून ठरवायचे असते. आखणी म्हणजे मुख्यतः हा हिशेब.

पहिला प्रश्न महिन्याचा. पावसाळ्यात हे पाणी करमणुकीसाठी नसते. गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी मेअखेरीस बंद होतात आणि सप्टेंबरपर्यंत सुरू होत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच नवा हंगाम धरला जातो. खासगी बोटीने यापेक्षा जास्त धिटाई दाखवण्याचे कारण नाही. ऑक्टोबरपासून पाणी निवळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. त्यातही दिवसाचे दोन भाग वेगळे असतात. पहाटे जमिनीकडून मतलई वारा हलका वाहतो आणि पाणी जवळजवळ सपाट असते. जमीन तापली की दुपारी पश्चिम-वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारच्या सुमारास तो भरात येतो. मार्चनंतर तो आणखी जोर धरतो. सकाळी ज्या बोटीवर मुले उभ्याने गप्पा मारत होती, तिच्यावरच परतताना मोठ्यांनाही कठडा धरून बसावे लागते. हिवाळ्याच्या सकाळी धुरके दाट असले तर मात्र लवकर निघण्याचा हट्ट सोडून ते विरळ होईपर्यंत धक्क्यावरच थांबायचे.

तारीख ठरवताना बहुतेक मालक फक्त रविवार पाहतात. त्या रविवारची तिथीही पाहायला हवी. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला पूर्ण भरती सुमारे तीन वाजता, अष्टमीला सुमारे सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि दर दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. हा ठोकताळा झाला. मिनिटे आणि मीटर पाहायचे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, त्यांत मुंबईसाठी अपोलो बंदरचे आकडे मिळतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि मुंबईत तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वरही जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, तेव्हा हा फरक बराच कमी असतो.

यातून निघणारे गणित सहलीसाठी फार महत्त्वाचे आहे. पौर्णिमेच्या रविवारी भर दुपारी पाणी भरलेले असते. उथळ जागी, खाडीच्या तोंडाशी किंवा बेटाच्या धक्क्याजवळ जायला ही वेळ उत्तम. पण त्यानंतर सुकती लागते, उधाणामुळे प्रवाह दोन-तीन नॉटचा होतो, आणि बंदरातले पाणी नैर्ऋत्येकडे बाहेर पडत असताना खारा वारा त्याच्या समोरून येतो. वारा आणि प्रवाह आमनेसामने आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लहान बोटीचे बूड त्यांवर आदळत राहते. म्हणजे जाताना जो दिवस सोयीचा वाटला तोच परतताना सर्वांत कठीण. एकादशीच्या दिवशी उलटे घडते. भरती सकाळी सव्वाआठच्या सुमारास, ओहोटी अडीचच्या पुढेमागे, आणि त्यानंतर भरतीचे पाणी वाऱ्याच्याच दिशेने आत येते. परतीचा प्रवास मऊ होतो, मात्र दुपारी मुक्कामी पाणी कमी असते. ताफ्यात नवे चालक असतील तर एकादशी-द्वादशीचा रविवार निवडून किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकणे अधिक शहाणपणाचे. उधाणाचाच दिवस वाट्याला आला, तर पूर्ण भरतीच्या सुमारास, प्रवाह थांबलेला असतानाच परत निघावे. जेवण त्यामुळे लवकर आटोपावे लागले तरी चालेल.

तारीख पक्की झाली की मार्ग. गेटवे, मांडवा, खांदेरी आणि परत अशी त्रिकोणी फेरी वळणे धरून तीस सागरी मैलांच्या आसपास होते. मांडवा बंदराच्या तोंडाशी, काहीसे आडोशाला आहे. खांदेरी उघड्या समुद्रात आहे आणि तिथे बाहेरून येणारी लांब लाट जाणवते. हा फरक नकाशावर बोटभर दिसतो, पाण्यावर मात्र बोटीबोटींची परीक्षा घेतो. नवख्या ताफ्याने पहिली सहल मांडव्यापुरतीच ठेवावी.

मार्ग आखायचा तो राष्ट्रीय जलमापचित्रण कार्यालयाच्या नकाशावर. मोबाइलमधला रस्त्यांचा नकाशा समुद्र निळा दाखवतो, खोली दाखवत नाही. कुलाब्याच्या दक्षिणेला प्रोंग्जचा खडकाळ पट्टा आहे. तिथे १८७५ पासून दीपगृह उभे आहे. बंदराच्या तोंडातच संक रॉक आहे, त्यावर १८८४ चे दीपगृह. थळच्या किनाऱ्यासमोरही खडक आहेत, त्यांतले काही भरतीला झाकले जातात. याखेरीज जिथे जायचेच नाही अशा जागा आधी लाल पेन्सिलीने रंगवून ठेवाव्यात: नौदल गोदी आणि कारंजाकडचा नौदलाचा भाग, जवाहर द्वीपाचा तेलधक्का, तुर्भ्याचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गेच मुंबईत उतरले होते. तेव्हापासून या पाण्यावर करडी नजर असते आणि चुकून वळलेल्या बोटीलाही थांबवून विचारपूस होते.

सर्वांत मोठी काळजी जहाजांच्या मार्गाची. मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांकडे जाणारी जहाजे खोदून खोल केलेल्या मार्गातूनच चालू शकतात. त्यांना बाजूला सरकायला पाणी नसते. १९७२ चे आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियम म्हणूनच सांगतात की अरुंद मार्गात लहान बोटीने अशा जहाजाची वाट अडवू नये. कंटेनर जहाजाच्या नाळेपुढे दृष्टिआड राहणारा पाण्याचा पट्टा असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर यांपैकी जे कमी असेल तेवढाच असू शकतो. मर्यादा पाळली तरी त्या पट्ट्यात आलेली वीस फुटी बोट वर उभ्या अधिकाऱ्याला दिसतच नाही. ताफ्याने हा मार्ग काटकोनात, एकत्र आणि न थांबता ओलांडायचा. जहाज दिसत असेल तर सगळ्यांनी अलीकडे थांबायचे. पुढच्या तीन बोटी गेल्या म्हणून चौथीने घाईने नाळेसमोरून निसटायचा प्रयत्न करणे, हा ताफ्यातच घडणारा धोका आहे. एकटी बोट असे करण्याआधी दोनदा विचार करते. जहाजाने पाच किंवा अधिक आखूड भोंगे दिले तर त्याचा अर्थ, तुमचा इरादा कळत नाही, असा होतो.

जाळ्यांकडेही तितकेच लक्ष हवे. बोंबील-जवळा पकडणारी डोल जाळी प्रवाहात बांधून ठेवलेली असतात आणि त्यांच्या खुणा म्हणून तरंगणारे डबे किंवा बोये असतात. दोन बोयांच्या मधून जाणे म्हणजे पंख्याला दोर गुंडाळून घेणे. शिवाय ते जाळे कोणाच्या तरी घरचे उत्पन्न असते. बोये दिसले की खालच्या अंगाने, लांबून वळसा घालावा.

आता वेग. मोटरबोट हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला ढकलत जाते आणि तिच्या लांबीनुसार तिला एक मर्यादा असते. पंचवीस फुटी बोटीसाठी ती सहा-सात नॉटच्या आसपास येते. इंजिनाचा जोर वाढवला की नाळ वर उचलली जाते, पुढचे दिसेनासे होते, पेट्रोल भरमसाट जळते, आणि मग साधारण पंधरा नॉटच्या पुढे बोट पाण्यावर चढून सपाट धावू लागते. मधला टप्पा कोणालाच मानवत नाही. म्हणून ‘सगळे बारा नॉटने जाऊ’ ही तडजोड ऐकायला न्याय्य असली तरी प्रत्यक्षात प्रत्येक बोटीला छळणारी ठरते. ताफ्यातली सर्वांत हळू बोट माणसे आणि सामान भरून आरामात किती नॉटने धावते ते विचारावे, समजा अठरा, आणि तोच सर्वांचा वेग ठरवावा. एखादी बोट धावणाऱ्या बुडाची नसेल तर तिला तासभर आधी काढून मुक्कामी भेटावे, पण तिच्याबरोबर आणखी एक बोट द्यावी.

इंधनाचा नियम जुना आणि खात्रीचा आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. १५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर तासाला पन्नास लिटरच्या वर पिते; बेताच्या वेगात साधारण तीस धरावे. तीस मैलांची फेरी अठरा नॉटने केली तर पावणेदोन तासांच्या आत होते. त्यात बंदरातली सावकाश वाटचाल मिळवली की साठ लिटर. म्हणजे निघताना टाकीत नव्वद लिटर हवे. ज्याची टाकी साठचीच आहे त्याच्यासाठी खांदेरी नाही, आणि तो बरोबर असेल तर त्या दिवशी कोणासाठीच नाही. पेट्रोल आदल्या दिवशी, बोटीवर पाहुणे नसताना भरावे. इंजिन बोटीच्या पोटात असेल तर सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा चालवून वाफ बाहेर काढावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते.

ताफ्याची रचना साधी ठेवावी. म्होरकी बोट हे पाणी ओळखणाऱ्याची. पिछाडीची बोट सर्वांत दणकट इंजिनाची, सर्वांत शांत डोक्याच्या चालकाची. तिच्यावर ओढायचा लांब दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि हत्यारे. हळू बोट म्होरकीच्या लगेच मागे असावी, म्हणजे तिचा वेग पुढच्याला दिसत राहतो. धावताना दोन बोटींत निदान शंभर-दीडशे मीटर अंतर हवे आणि मागची बोट पुढचीच्या थेट मागे न राहता थोडी बाजूला असावी. पुढच्या बोटीतून कोणी पाण्यात पडले तर मागच्या बोटीला वळायला जागा मिळायला हवी. आखणीतली ही एक गोष्ट कोणत्याही कारणाने सोडू नये. म्होरकीच्या मागे चालण्याने कोणाचीही जबाबदारी कमी होत नाही. उजवीकडून आडवी येणारी बोट दिसली तर तिला वाट देणे हे प्रत्येक चालकाचे स्वतःचे काम असते, पुढची बोट सरळ गेली असली तरी. आणि कोळ्यांच्या होड्या, नांगरलेली गलबते, प्रवासी बोटी यांच्याजवळून जाताना वेग उतरवावा, कारण सहा बोटींच्या लाटा एकामागून एक येतात आणि एकटीपेक्षा कितीतरी जास्त डोलवतात.

बोलण्यासाठी व्हीएचएफ रेडिओ हवा. मोबाइल एकाला लागतो, रेडिओ सगळ्यांना ऐकू जातो, आणि संकटात जवळचे अनोळखी जहाजही तो ऐकते. १६ क्रमांकाची वाहिनी हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी राखलेली आहे. तिच्यावर गप्पा मारायच्या नाहीत. बोटी-बोटींतल्या बोलण्यासाठी ७२ किंवा ७७ ठरवावी. दर अर्ध्या तासाने म्होरक्याने बोटींची नावे क्रमाने घ्यावीत आणि प्रत्येकाने एका वाक्यात उत्तर द्यावे. बोट बंद पडली तर पिछाडीची बोट तिच्याकडे जाते आणि बाकीच्या खोल पाण्यात, अंतर राखून थांबतात. सगळ्यांनी मदतीला धावून एकमेकांच्या अंगावर चढणे हेच बहुधा दुसऱ्या अपघाताचे कारण होते.

कागदपत्रांचे काम रुक्ष असले तरी आदल्या आठवड्यातच उरकावे: बोटीची नोंदणी, चालकाचा परवाना, विमा. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. किल्ल्यावर किंवा एखाद्या धक्क्यावर उतरायचे असेल तर परवानगी आधी विचारून घ्यावी. त्याहून मोलाचा कागद म्हणजे किनाऱ्यावर ठेवायची यादी. बोटींची नावे, नोंदणी क्रमांक, रंग, प्रत्येकीवरची माणसे, मार्ग, परतण्याची वेळ, आणि त्या वेळेनंतर किती तास वाट पाहून कोणाला कळवायचे, हे सगळे एका जबाबदार माणसाच्या हाती द्यायचे. अमेरिकेत मोटरबोटवाल्यांना असा कागद लिहायला आवर्जून शिकवतात, आणि तिथले तटरक्षक दलही तो स्वतःकडे घेत नाही. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाकडे ठेवायला सांगते. आपल्याकडे समुद्रातील मदतीसाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, तो त्या कागदावर सर्वांत वर लिहावा.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पट्टे आवळलेले, मुलांना त्यांच्या वजनाचे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चाललेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि ती बुडाली. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्यानंतर इथल्या प्रवासी बोटींवर ते सक्तीचे झाले. खासगी बोटीवर सक्तीची वाट पाहू नये. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला किल स्विचची दोरी अडकवलेली असावी, म्हणजे तो फेकला गेला तर इंजिन आपोआप थांबते. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींवर १ एप्रिल २०२१ पासून धावताना ही दोरी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. चालकाने परत येईपर्यंत दारूला शिवू नये, यात सवलत नाही.

निघण्याच्या सकाळी सगळे चालक धक्क्यावर पंधरा मिनिटे एकत्र उभे राहिले पाहिजेत. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज तेव्हा वाचून दाखवावा. मागे फिरण्याची अट इथेच, आकड्यात ठरवावी: वारा पंधरा नॉटच्या वर गेला किंवा लाट मीटरभर झाली की सहल मांडव्याला संपते, किंवा निघतच नाही. पाण्यावर असताना अशी चर्चा केली की जो सर्वांत धीट असतो त्याचे चालते. आणि कोणत्याही चालकाने ‘मला जमणार नाही’ म्हटले की कारण न विचारता त्याच्यासह दुसरी एक बोट परत पाठवायची, हेही तेव्हाच सांगून टाकावे.

मुक्कामी नांगराचा हिशेब भरतीशिवाय होत नाही. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत-उतरत नाही: पहिल्या तासाला एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. चार मीटरच्या उधाणात बारा वाजता दोन मीटर पाणी पाहून कोणी किनाऱ्याजवळ नांगर टाकला, तर तीनला ती बोट चिखलात बसलेली असते. उलट, ओहोटीला तीन मीटर पाण्यात टाकलेल्या नांगराला नाळेची मीटरभर उंची धरून पाचपट, म्हणजे वीस मीटर दोर पुरेसा दिसतो. पाणी चार मीटर चढले की चाळीस लागतो. दोर मोठा सोडला की बोट मोठा घेर घेते, म्हणून बोटींत अंतर हवे. बोटी शेजारी-शेजारी बांधून एकत्र जेवणे सुखाचे असते, पण ते फक्त संथ पाण्यात, मधल्या दणकट बोटीच्या नांगरावर आणि बाजूंना रबरी फुगे लावून. मागच्या शिडीवरून मुले पोहत असताना कोणत्याही बोटीचे इंजिन सुरू नसावे. पंखा तर धोक्याचा आहेच, इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही तिथेच साचतो.

खांदेरीपर्यंत गेलेल्या ताफ्याला पाहण्यासारखे बरेच आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर तट बांधायला घेतले, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी दोघांनीही ते रोखायचा प्रयत्न केला. त्या ऑक्टोबरात झालेल्या लढाईत मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या उथळ पाणी आणि पडलेला वारा यांचा फायदा घेत इंग्रजांच्या शिडाच्या जहाजांना भारी पडल्या आणि इंग्रजांचे ‘डोव्ह’ हे गलबत पकडले गेले. बेटावर १८६७ चे दीपगृह आहे आणि कोळी बांधवांच्या श्रद्धेचे वेताळाचे स्थान आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तिथे नेलेली प्रत्येक बाटली आणि पिशवी बोटीवर परत यायला हवी.

परतीला सकाळचाच क्रम, तोच वेग. निघण्यापूर्वी प्रत्येक बोटीवरची माणसे मोजावीत आणि टाकीतले पेट्रोल रेडिओवर सांगावे. ज्याची टाकी अर्ध्याच्या खाली गेली असेल त्याला ताफ्याच्या मध्ये घ्यावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चारपर्यंत सगळ्या बोटी बंदरात असाव्यात असा हिशेब धरला, तर एखादी ओढून आणावी लागली तरी उजेड पुरतो. धक्क्याला लागल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवून खारे पाणी काढून टाकायचे, दोर धुवायचे, पुन्हा एकदा बोटींची नावे घ्यायची. पिछाडीची बोट बांधली गेली की म्होरक्याने किनाऱ्यावरच्या माणसाला फोन करून यादी बंद करायला सांगायचे. हा फोन राहून गेला तर रात्री तटरक्षक दल सुखरूप घरी पोहोचलेल्या माणसांना समुद्रात शोधत फिरते.